माहेरची गाठ

वेणूबाई पानस्करांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालाय हे कळलं आणि ऑपरेशन होऊन त्या घरी आल्या, त्या आठवड्यात त्यांच्याकडे जो कोणी आला तो येताना एक कारण घेऊन आला.

शेजारीण म्हणाली, तुम्ही तिखट फार खाता. नणंद म्हणाली, उपवासांनी आतडी सुकली. एकीने उपाशीपोटी घेतलेल्या चहावर बोट ठेवलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मोबाइल काढून वाचूनच दाखवलं की गरम आमटी प्लास्टिकच्या डब्यात भरली की असलं होतं. गावाहून आलेल्या दिराने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निघताना, दारात चपला घालता घालता, हळू आवाजात म्हणाला, "वैनी, देवीचं कायतरी राह्यलंय तुमच्याकडनं. आठवून बघा."

वेणूबाई तोवर भिंतीला उशी लावून पडून होत्या. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या.

"भावजी, देवीला दुसरं काम न्हाय व्हय? एवढा घाट उतरून ती कोपरखैरण्याला येऊन माझ्या आतड्यात बसंल?"

दीर जिना उतरला. वेणूबाईंनी दार लावलं आणि नवऱ्याला सांगितलं, "आता कुनी कारन घेऊन आलं की खालूनच परत धाडा. मला डाक्टरनीकडनं ऐकायचंय."

वेणूबाई पाटण तालुक्यातल्या. हौसेरावांशी लग्न होऊन त्या इकडे आल्या, तेव्हा हौसेराव वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. पाठीवर गोण्या वाहायच्या, पहाटेच्या गाड्या खाली करायच्या. मार्केटात त्यांच्यासारखे गावाकडचे कितीतरी गडी एकटे राहायचे आणि गाडीवरचा वडापाव खाऊन दिवस काढायचे. ते पाहून वेणूबाईंनी तुर्भ्याला एका गाळ्यात खानावळ काढली. बाजरी-ज्वारीची भाकरी, एक कालवण, एक पालेभाजी, कांदा. मेनू एवढाच. गडी त्यांना मावशी म्हणायचे आणि भ्यायचेही. ताटात भाजी टाकून उठणाऱ्याला वेणूबाई पुन्हा बसवायच्या. एकुलती एक मुलगी ज्ञानेश्वरी याच खानावळीच्या जिवावर शिकली. आता ती ऐरोलीला एका कंपनीत बॅक ऑफिसला होती.

आजार कळला तोही वेणूबाईंच्या हट्टामुळे. वर्षभर त्यांना थकवा होता. भाकऱ्या थापताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, जिना चढताना मधेच बसावं लागायचं. जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्याची पापणी ओढून पाहिली, रक्त कमी आहे म्हणाले आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी थोडं बरं वाटायचं, पुन्हा रक्त कमी. पुन्हा गोळ्या. तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "या वयात बायकांना होतंच असं. पाळी जाण्याचे दिवस आहेत."

"माझी पाळी जाऊन दोन वर्सं झाली," वेणूबाई म्हणाल्या. "मंग हे रगात जातंय कुठं? कुठनंतरी जातंय म्हनूनच कमी व्हतंय ना? ते हुडका. गोळ्या नकोत मला."

डॉक्टरांना ते आवडलं नाही, पण चिठ्ठी दिली. मोठ्या रुग्णालयात आधी शौचाची तपासणी झाली, त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त निघालं. मग दुर्बीण घालून आतडं पाहिलं, आणि उजव्या बाजूला गाठ सापडली. ऑपरेशन करून आतड्याचा तेवढा भाग काढला, दोन टोकं जोडली. वेणूबाई आठवड्याने घरी आल्या आणि मग ते कारणवाले पाहुणे सुरू झाले.

टाके निघाल्यावर त्या डॉक्टर भाविका म्हात्रेंसमोर बसल्या. डॉक्टर खाडीकाठच्या गावातल्या, वयाने ज्ञानेश्वरीपेक्षा थोड्याच मोठ्या, बोलायला सडेतोड. शेजारी हौसेराव आणि ज्ञानेश्वरी होते.

"म्याडम, माझं काय चुकलं ते एकदा सांगून टाका," वेणूबाई म्हणाल्या. "घरी येणारा परतेक मानूस सांगतोय. तुमी ऱ्हायलाय."

डॉक्टर हसल्या नाहीत. "धोका कशाने वाढतो ते सांगते. चुकलं का ते नंतर बघू. वय, हे पहिलं. पन्नाशीनंतर जास्त दिसतो हा आजार. मग वजन. दिवसभर बसून राहणं. दारू. बिडी-सिगारेट. रोजच्या रोज मटण, त्यातही ते खारवलेलं, डब्यातलं. ताटात भाजी, कडधान्यं, कोंड्याचं धान्य कमी असणं. मधुमेह. आतड्याला वर्षानुवर्षं सूज असणं."

वेणूबाईंनी ऐकून घेतलं. "पन्नाशी अजून यायचीय. बसायला कोन देतंय? मटन जत्रंला. भाकरी म्हनाल तर ती मी दुसऱ्यास्नी बी घालते. साखर न्हाय, दारू न्हाय. मिशरी लावते, ते खरं."

"मिशरी आजपासून बंद. तोंडाचा कॅन्सर व्हायला ती पुरेशी आहे. पण तुमच्या या गाठीचं खापर मी तिच्यावर फोडणार नाही."

"म्हंजी दारू पितात हे, बिडी वढतात हे, आन् गाठ मला?"

हौसेराव भिंतीवरचं आतड्याचं चित्र निरखून पाहू लागले.

"त्यांनाही होऊ शकते. त्यांनी दोन्ही सोडावं हेच बरं," डॉक्टर म्हणाल्या. "वेणूताई, धोका म्हणजे शिक्षा नाही. धोका म्हणजे शक्यता वाढते, एवढंच. सगळे धोके असूनही कित्येकांना काही होत नाही, आणि काहीच न करता कित्येकांना होतं. तुमची काढलेली गाठ आम्ही तपासली, त्यात मला एक शंका आलीय. म्हणून विचारते. माहेरी कोणाला असं काही झालं होतं?"

मग वेणूबाईंनी सांगायला सुरुवात केली. आबा, म्हणजे त्यांचे वडील, भर चाळिशीत गेले. पोट फुगलं होतं, अन्न राहत नव्हतं, जलोदर म्हणाले. थोरली बहीण मुक्ता गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. आबांचे धाकटे भाऊ नाना, तेही पोटानेच. आजीचं नक्की माहीत नाही, पण ती तरुणच गेली असं ऐकलं होतं.

"गावात काय म्हणायचे?" डॉक्टरांनी विचारलं.

"करनी. म्हनायचे, नानांच्या घरानं जमिनीपायी आमच्यावर करनी केली."

डॉक्टरांनी रक्ताची एक तपासणी करायला सांगितली. तिचा निकाल येईपर्यंत केमो सुरू झाली होती. निकाल डॉक्टरांच्या शंकेसारखाच आला. काही घरांत, त्या म्हणाल्या, रक्तातूनच एक दोष पिढ्यान्‌पिढ्या खाली येतो. पेशींची बारीकसारीक दुरुस्ती करणारी जी यंत्रणा असते, तीच थोडी लंगडी असते. अशा घरात आतड्याचा, बायकांना गर्भाशयाचाही कॅन्सर लवकर आणि जास्त होतो. आई किंवा बाप, ज्याच्यात तो दोष आहे, त्याच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखं, आणि प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं नव्याने उडतं.

वेणूबाईंनी पहिल्यांदा मान खाली घातली. मग ज्ञानेश्वरीकडे पाहिलं.

"बघू नको असं," ज्ञानेश्वरी म्हणाली. "तू काय मुद्दाम दिलंयस का?"

"हे कळल्याचा उपयोग असा," डॉक्टर म्हणाल्या, "की या घरातली माणसं वेळेवर सापडतात. आतड्यात आधी मसासारखा बारीक कोंब येतो, पॉलिप म्हणतात त्याला. दुर्बिणीतून बघून तो तिथल्या तिथे काढता येतो. काढला की त्याची गाठ होत नाही. तुमच्या आबांच्या वेळी ही सोय नव्हती. आता आहे. भावंडांना, त्यांच्या मुलांना, सगळ्यांना सांगा."

सांगा, हे म्हणायला सोपं होतं.

वेणूबाईंचा एकच सख्खा भाऊ उरला होता, भैरू. तोही त्याच मार्केटात, एका टोळीचा मुकादम. रविवारी तो घरी आला. वेणूबाईंनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "आता तूबी जा. पोरांस्नी बी ने."

भैरूने आधी दार लोटून घेतलं. "आक्का, हे बाहेर बोललीस का कुठं?"

"अजून न्हाय."

"मंग बोलू नको. ज्ञानेश्वरीची सुपारी फुटलीय. खांदेश्वरच्या पाव्हण्यांच्या कानावर गेलं तर पोरगी घरात बसंल. माझ्या दोन पोरींची लग्नं व्हायचीत. एक घरानं नासकं म्हनून बोट दावलं की सगळी भावकी बाद हुते."

हौसेरावही मेहुण्याच्या बाजूने झुकले. "लगीन हू दे. मंग सांगू. आजार कुठं पळून चाललाय?"

"आजार पळत न्हाय, तेच तर," वेणूबाई म्हणाल्या. "आबांचा मुक्तीत आला, आबांचाच माझ्यात. ज्याचं नाव घ्यायचं न्हाय, त्यो घरातनं जातोय कशाला?"

वाद वाढणार इतक्यात ज्ञानेश्वरी आतल्या खोलीतून बाहेर आली. तिला रविवारची शिफ्ट होती, पाठीला बॅग होती.

"मामा, पप्पा, लग्न माझं आहे ना? मग मीच सांगणार. आणि माझी टेस्ट पण मी करणार. इंद्रजितला सांगायचंय, त्याच्या मम्मीला सांगायचंय. तुम्ही कोणी टेन्शन घेऊ नका."

"पोरी, डोकं फिरलंय का तुझं?"

"नाही मामा. लपवून लग्न केलं आणि उद्या मला काही झालं, तर त्या घरात मी काय तोंडाने राहू?"

भैरू चहा न घेता गेला.

पुढच्या शनिवारी आई आणि मुलगी खांदेश्वरला गेल्या. केमोमुळे वेणूबाईंना गार काही सोसत नव्हतं. थंडगार स्टीलचा पेला हातात धरला तर बोटांत सुया टोचल्यासारखं व्हायचं. इंद्रजितच्या आईने, उज्वलाताईंनी, फ्रीजमधलं सरबत पुढे केलं. वेणूबाईंनी पेल्याला हातही लावला नाही आणि म्हणाल्या, "मला चालत न्हाय. केमो चालू हाय माझी. कॅन्सर झालाय, आतड्याचा."

उज्वलाताईंना ऑपरेशनचं माहीत होतं, पण अपेंडिक्सचं. ही बातमी हौसेरावांनी परस्पर पोचवली होती. त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

उरलेलं ज्ञानेश्वरीने सांगितलं. थोडक्यात, न अडखळता. मला तो दोष असू शकतो, नसूही शकतो. असला तर दर एक-दोन वर्षांनी तपासणी करावी लागेल. मुलं झाली तर त्यांच्यात यायची शक्यता निम्मी. तपासणी केली तर बहुतेक वेळा आधीच काढता येतं.

"हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं," उज्वलाताई म्हणाल्या.

"आमाला कवा कळलं? कळलं त्या महिन्यात आलोय," वेणूबाई म्हणाल्या. "ताई, तुमच्या घरात कुनाला साखर हाय?"

"मिस्टरांना आहे. का?"

"तुमी सांगितलं न्हाई आमाला. आमी बी इच्चारलं न्हाई. कुनाच्या घरात काय हाय ते रक्तात असतं, ते का कुनी कपाळावर लिवून फिरतं?"

इंद्रजित सोफ्याच्या टोकाला बसला होता. सबंध वेळ तो फोन उलटा-सुलटा करत राहिला. निघताना ज्ञानेश्वरीने त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो म्हणाला, "बोलतो मी."

तो बोलला नाही. मध्यस्थाचा फोन आला की मुलाच्या पत्रिकेत आता मंगळ दिसतोय. मग इंद्रजितचा मेसेज आला: सॉरी, घरचे ऐकत नाहीत. ज्ञानेश्वरीने तो आईला वाचून दाखवला.

"किती वर्साचा हाय गं त्यो?"

"तीस."

"आन् घरचे ऐकत न्हाईत!" वेणूबाई म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की पोटावरचा व्रण ओढला गेला. ज्ञानेश्वरीही हसली. मग ती बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि बराच वेळ बाहेर आली नाही. वेणूबाई दाराबाहेर पाट टाकून बसून राहिल्या. ती बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "रक्त द्यायला उद्या जायचं का परवा?"

"उद्या," ज्ञानेश्वरी म्हणाली.

दोष तिच्यातही निघाला. दुर्बिणीच्या आदल्या दिवशी आतडं साफ करायला खारट, बुळबुळीत औषध लिटरच्या लिटर प्यावं लागतं. प्रत्येक पेल्याला ज्ञानेश्वरी शिव्या देत होती आणि वेणूबाई समोर बसून "अजून एक, अजून एक" करत होत्या. तपासणीत एक बारीक पॉलिप दिसला. तिथेच काढला. डॉक्टर भाविकांनी सांगितलं, साधाच होता, पण दहा वर्षं तसाच ठेवला असता तर कदाचित साधा राहिला नसता. दुपारी मायलेकी रिक्षाने घरी आल्या. ज्ञानेश्वरीने पोटभर वरणभात खाल्ला आणि सोमवारी ऑफिसला गेली.

त्यानंतर वेणूबाईंनी गप्प बसणं सोडूनच दिलं.

खानावळीत त्या आता खुर्चीवर बसून कामवाल्या बायकांना हुकूम सोडायच्या, कारण केमोने बोटांना मुंग्या यायच्या आणि हाताला पीठ कळायचं नाही. एका दुपारी, गडी पंगतीला बसल्यावर, त्यांनी पळी परातीवर वाजवली.

"ऐका रं. मला कॅन्सर झालाय, आतड्याचा. तुमाला कुजबुजत कळलं असंल, आता माझ्याकडनं कळू द्या. तुमच्यातल्या कितीजणांच्या संडासातनं रगात जातं? आन् मूळव्याध म्हनून कितीजण पुड्या खाताय?"

घास हातातच राहिले.

"लाजायचं असंल तर लाजा, पन जा आन् दावा. मूळव्याध असंल तर डाक्टर म्हनंल मूळव्याध हाय. बिडी वढताय, सांच्याला दारू पिताय, मावशीची भाजी टाकताय, ते सगळं धोक्यात धरतात. आन् ज्याच्या घरात बाप, भाऊ, भन असल्या आजारानं गेली असतील, त्यानं तर वयाची वाटच बघायची न्हाय. माझा बाप यानंच गेला, भन यानंच गेली, चुलता यानंच गेला. आमी तीस वर्सं करनी म्हनत बसलो."

कृष्णात नावाचा एक गडी धीर करून म्हणाला, "मावशी, जेवताना कशाला हे?"

"जेवतानाच सगळे गप बसून ऐकता म्हनून. भाजी खा."

ही गोष्ट मार्केटात पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी, पंगत बसलेली असतानाच, भैरू खानावळीत आला. डोक्याला बांधलेला टॉवेल त्याने सोडून हातात घेतला होता.

"आक्का, चारचौघांत बापाची अब्रू काढलीस?"

"बाप पोटाच्या गाठीनं गेला. त्यात अब्रू कुठं आली?"

"आबांवर करनी झालती. सगळ्या गावाला ठावं हाय. नानांच्या घरानं केली. आन् तू आज म्हनतीस आमचं रगातच खराब?"

वेणूबाई खुर्चीवरून उठल्या. केस गळून विरळ झाले होते, त्यांनी पदर मागे सारला. "भैरू, नाना कशानं गेले?"

भैरू टॉवेल हाताभोवती गुंडाळू लागला.

"पोट फुगूनच गेले ना? मंग करनी करनाऱ्यानं सोताच्या घरावर बी केली व्हय? एका आईची दोन लेकरं, दोघं बी एकाच दुखन्यानं गेली, आन् आपन त्यांच्या पोराशी, बाजीरावाशी, तीस वर्सं बोललो न्हाय. त्यो या मार्केटात समोरच्या विंगमधी गोन्या वाहातोय. तू त्याच्या सावलीतनं जात न्हाईस. त्याची आई करनीवाली म्हनून गावात कुनी तिच्या हातचं पानी पीत न्हाई. कुनी भोगलं ते?"

"तू मला शिकवू नको."

"शिकवत न्हाय. इच्चारते. तुला रगात जातंय का?"

पंगतीतले गडी ताटात पाहत होते. भैरूने टॉवेल खांद्यावर टाकला आणि तो निघून गेला. पण त्याने नाही म्हटलं नव्हतं, आणि वेणूबाईंनी ते ऐकलं होतं.

त्याच संध्याकाळी त्या ज्ञानेश्वरीला घेऊन कांदा-बटाटा मार्केटच्या त्या दुसऱ्या विंगमध्ये गेल्या. बाजीराव पन्नाशीचा, बारीक अंगाचा, गोण्यांच्या थप्पीला टेकून बसला होता. चुलत बहिणीला समोर पाहून तो उभाच राहिला.

"बाजीराव, तुझ्या आईला आमी करनीवाली म्हनलो," वेणूबाई म्हणाल्या. "ते खोटं व्हतं. आता खरं काय ते ऐक, आन् माझ्यासंगं दवाखान्यात चल."

बाजीरावाने ऐकलं. त्याने पहिला प्रश्न विचारला तो तपासणीचा नव्हता. "हे गावात येऊन सांगशील? आई हाय अजून."

"सांगीन. देवळाफुडं उभी राहून सांगीन. केमो सपू दे."

बाजीरावाची रक्ताची तपासणी झाली. दोष त्याच्यात नव्हताच. नाणं त्याच्या बाजूने पडलं होतं, आणि म्हणून त्याच्या मुलांनाही त्या दोषाची भीती नव्हती. तो डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आला, कोपऱ्यात जाऊन उभा राहिला आणि खांदे हलेपर्यंत रडला. मग सरळ भैरूच्या टोळीकडे गेला. दोघांत काय बोलणं झालं ते कोणी सांगत नाही. पण चार दिवसांनी भैरू रुग्णालयात आला, तेव्हा सोबत बाजीराव होता. खारट औषधाची बाटलीही बाजीरावानेच समोर बसून त्याला संपवायला लावली होती, असं भैरूची बायको सांगते.

बाकावर वेणूबाई आधीच बसलेल्या होत्या. भैरूने बहिणीकडे न बघता विचारलं, "मागनं नळी घालतात म्हनं?"

"व्हय."

"मुकादम मानूस मी."

"दुर्बिणीला ठावं न्हाय ते."

बाजीराव आधी हसला. मग भैरूही, नाखुशीने.

त्याच्या आतड्यात डाव्या बाजूला गाठ होती. वर्षभर तो तिला मूळव्याध म्हणत पुड्या खात होता. पण गाठ अजून आतड्याच्या भिंतीबाहेर गेली नव्हती. ऑपरेशन झालं. भैरूला केमोचीही गरज पडली नाही. शुद्धीवर आल्यावर त्याने बहिणीला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की तुझी भाकरी पाठवू नको, इथली पेजच बरी. म्हणजे तो पुरता जागा होता.

केमो संपल्यावर वेणूबाई गावी गेल्या. हौसेराव म्हणाले, अशक्त आहेस, पुढच्या महिन्यात जा. त्या म्हणाल्या, बाजीरावाची म्हातारी पुढच्या महिन्यापर्यंत राहील याची हमी तुम्ही देता का? देवळासमोर भावकी जमली होती. वेणूबाईंनी कॅन्सर हा शब्द उच्चारला तशी दोन-तीन माणसं उठून गेली. त्यांनी त्यांना नावाने हाक मारली आणि उरलेल्यांना सगळं सांगितलं: आबा, नाना, मुक्ता, मी, भैरू. मग त्या काठीने चालत बाजीरावाच्या घरी गेल्या. म्हातारी ओट्यावर बसली होती. वेणूबाईंनी तिच्या माठातलं पाणी स्वतः वाटीने घेतलं आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या लोकांच्या देखत प्यायल्या. गार पाण्याने अजूनही ओठांना मुंग्या येत होत्या. त्यांनी वाटी पुन्हा भरली.

"बस गं, पोरी," म्हातारी म्हणाली. तिला नीट दिसत नव्हतं. "कोनाची तू?"

"तुमच्याच घरातली हाय, काकी."

हल्ली वेणूबाई पुन्हा खानावळीत उभ्या राहतात. भाकरी पूर्वीसारखी एकसारखी गोल होत नाही, पण गडी तक्रार करत नाहीत. मिशरीची डबी गेली. हौसेरावांची दारू सुटली. बिडी सुटलेली नाही, आणि त्यावरून घरात रोज भांडण होतं. ज्ञानेश्वरीला कंपनीत बढती मिळाली. लग्नाचं विचारलं की ती सांगते, जो मुलगा पहिल्या भेटीत "तपासणीची तारीख कधी" असं विचारेल, त्याच्याशी. भैरूच्या थोरल्या मुलीत दोष निघाला, धाकटीत नाही. दोघींची लग्नं ठरायची आहेत, आणि आता दोघींबद्दलही भैरू काही लपवत नाही. लपवायला गेला तरी बहीण ऐकणार नाही, हे त्याला माहीत आहे.

मुक्ताची मुलगी लग्न होऊन पुण्याला असते. ती मावशीचे फोन उचलत नाही. सासरी कळेल, अशी तिला भीती. दुपारची पंगत उठली की वेणूबाई पदराने हात पुसतात आणि तिला फोन लावतात. स्वतःच्या फोनवरून नाही लागला तर हौसेरावांच्या, त्यावरूनही नाही लागला तर पंगतीतल्या एखाद्या गड्याच्या. काल कृष्णातच्या फोनवरून तो लागला.

"ठेवू नको," वेणूबाई म्हणाल्या. "ठेवलास तर उद्या तुझ्या दारात येऊन बोलंन, आन् माझा आवाज कसा हाय ठावं हाय तुला. तुझ्या आईनं कुनाला सांगितलं न्हाय, तिला उशीर झाला. तू तिशी वलांडलीस. आता सांग, या आठवड्यात जातीस का फुडल्या?"

वेणूबाई फोन कानाला लावून तशाच उभ्या राहिल्या. चुलीवर तवा तापत होता, बायका पिठाचे गोळे करून त्यांची वाट पाहत होत्या.

"बोल," त्या म्हणाल्या. "मला भाकऱ्या थापायच्यात, पन मी थांबलेय."